एक्सीज रोज ऑफिसला न्यायची, तर आधी मिनिटं मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं देतोय ते दोघांनाही ठाऊक राहील. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून कॉव्हेंट्रीला आलात. २००८ ची लोटस एक्सीज एस, ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, बघितलीत, रविवारी दुपारी कोरड्या रस्त्यावर मालकाला शेजारी बसवून वीस मिनिटं चालवलीत आणि त्या रात्री झोप आली नाही. ऑफिस एका बाजूला २२ मैल. घरची फोक्सवॅगन गोल्फ विकायची, ही एकच गाडी ठेवायची, रोज हिनेच जायचं आणि महिन्यातून एकदा ट्रॅक डे करायचा, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायची, असा बेत आहे. आधीच्या मालकाने तिला ॲडजस्टेबल कॉइलओव्हर (उंची आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप), सहा पट्ट्यांचा हार्नेस आणि पूर्ण रोल केज, म्हणजे आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, बसवलाय. आणि तुम्ही विचारताय, "पाठीची वाट लागेल का?"

पाठीचं लगेच सांगून टाकतो: नाही लागणार. नऊ वर्षांत माझी पाठ एकदाच धरली, तीही घर बदलताना फ्रीज उचलून. एक्सीजची सीट दिसते चटईसारखी, पण आकार अंगाला बरोबर बसतो. थकतात ते कान आणि डोळे. खरं सांगायचं तर तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे: रोजच्या प्रवासातली किती मिनिटं ही गाडी ज्यासाठी बनली आहे तसं तिला चालता येईल, आणि किती मिनिटं ती नुसती सोसत बसेल?

मी चौदा वर्षं सस्पेन्शन ट्यूनिंगचं काम करतोय, पहिली पाच पुण्यात आणि पुढची इथे वॉरिकशरमध्ये. माझ्याकडे २००५ ची एक्सीज आहे, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेली. पहिलं दीड वर्ष तीच एकमेव गाडी होती. त्यामुळे तुमचा बेत मी करून बसलेलो आहे, नुसता उपदेश करत नाहीये.

गाडी काय आहे ते आधी बघू. १९९६ मध्ये उत्पादनात आलेल्या एलीजची ही छप्पर बंद केलेली बहीण. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या वेल्डिंग न करता इपॉक्सीने चिकटवून सांगाडा केलाय. पहिल्या एलीजचा सांगाडा फक्त ६८ किलोचा होता. तुम्ही बघितलेली एक्सीज एस ९३५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या स्विफ्टच्या जवळपास, आणि तिच्या पाठीत टोयोटाचं १.८ लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन २१८ घोड्यांचं. पॉवर स्टीअरिंग नाही. स्टेपनी नाही. आवाज अडवायला म्हणून घातलेलं असं जवळजवळ काही नाही.

आता लोक जे धरून चालतात ते, की ट्रॅकची गाडी म्हणजे दगडासारखी कडक. स्प्रिंगवर तोललेली बॉडी एका ठरावीक लयीत वरखाली होते. साध्या घरगुती गाडीत ही लय सेकंदाला एकपेक्षा जराशी जास्त, स्पोर्ट्स गाडीत दीड ते दोन, आणि वरून हवेच्या दाबाने रस्त्याला दाबल्या जाणाऱ्या रेस कारमध्ये तीन किंवा त्याहूनही वर. पण तीच लय मिळवायला लागणारी स्प्रिंग वजनाच्या प्रमाणात असते. वजन निम्मं तर स्प्रिंगही निम्मी पुरते. लोटसने पहिल्यापासून हेच केलंय: गाडी हलकी करा आणि स्प्रिंग मऊ ठेवा. म्हणून कंपनीतून निघाली तशीच असलेली एक्सीज लांब, लाटांसारख्या उंचवट्यांवरून इतकी छान तरंगत जाते की दुप्पट किमतीच्या जर्मन गाड्यांनी लाजावं.

ही चांगली बाजू झाली. हलक्या गाडीची एक पंचाईतही असते. चाक, टायर, ब्रेक, हब यांचं वजन बॉडीच्या प्रमाणात कमी होत नाही. दीड टनाच्या गाडीत चाक उसळलं तर वरची बॉडी त्याला दाबून धरते. इथे वरती आहेच काय दाबायला? म्हणून तीक्ष्ण कडा, गटाराची झाकणं, ठिगळाच्या काठावरची पायरी थेट आत येऊन ठोठावते. लाटा पचतात, कडा टोचतात. तुमचा रोजचा रस्ता लाटांचा आहे की कडांचा, यावर बरंच ठरतं.

मिनिटांचा मुद्दा इथेच येतो. शॉकअपच्या आतला पिस्टन किती वेगाने हलतो त्यावर त्याचा विरोध ठरतो. ट्रॅकसाठी लावलेल्या डॅम्परमध्ये, म्हणजे शॉकअपमध्येच, सुरुवातीचा विरोध मुद्दाम जास्त ठेवतात, कारण वळणावर बॉडी झुकते ती सावकाश, आणि ती सावकाश हालचाल पकडून धरायची असते. एका मर्यादेनंतर आतली झडप उघडते आणि डॅम्पर सैल पडतो. आता हीच गाडी १५ मैलांच्या वेगाने उखडलेल्या डांबरावरून न्या. पिस्टनची हालचाल इतकी बारीक आणि मंद की झडप उघडतच नाही, वर सीलचं घर्षण. डॅम्पर जवळपास काठीसारखा वागतो आणि स्प्रिंगचं काम करतो टायर, ज्याला स्वतःचं म्हणावं असं डॅम्पिंग नाही. तेव्हा जे बारीक थरथरणं सुरू होतं ना, दातात खडा आल्यासारखं, ते या गाडीचं खरं दुखणं. पन्नासच्या वेगाला तीच गाडी शांत होते.

आमच्याकडून गेडनच्या बाजूला जाताना फॉस वे लागतो. रोमन लोकांनी आखलेला जवळजवळ सरळ रस्ता, खालीवर लाटा घेत जाणारा. त्यावर सकाळी सव्वासहाला एक्सीज चालवणं हा माझ्या आयुष्यातल्या मोजक्या निर्भेळ आनंदांपैकी एक आहे. तेच साडेआठला, ट्रॅक्टरच्या मागे सात गाड्यांच्या रांगेत, म्हणजे बिनमजुरीची हमाली. एकदा आठवडाभर मी वहीत लिहून काढलं. रोजच्या ३८ मिनिटांपैकी २१ मिनिटं मी २० मैलांच्या आतच होतो. गाडीला जे येतं ते करायला मिळालेली मिनिटं पाच-सहा. त्या शुक्रवारी मी दुसरी गाडी शोधायला लागलो.

तुम्हीही हे करा. येता आठवडा गोल्फमध्येच जा आणि घरी पोचलात की लिहून काढा: किती वेळ रांगेत, किती वेळ मोटरवेवर, किती वेळ मोकळ्या रस्त्यावर. मोटरवेचाही भरवसा धरू नका. एम ४० वर सत्तरला गाडी चालते मजेत, पण टायरचा घूं घूं आणि मागे सुपरचार्जरची शिट्टी, यात अर्ध्या तासाने डोकं बधिर होतं. मी लांबच्या प्रवासात कानात मऊ बोळे घालतो. फोनवर बोलणं विसरा. शेजारी बसलेल्याशीही हातवारे करावे लागतात. पावसात ट्रकच्या बाजूने जाताना तर त्याच्या चाकाचा मधला बोल्ट तुमच्या डोळ्यांच्या रेषेत असतो, आणि त्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता हे गृहीतच धरा.

शिवाय आणखी एक गंमत. हे इंजिन मिनिटाला ६२०० फेऱ्यांच्या आसपास झडपा जास्त उघडणाऱ्या दुसऱ्या, उंच कॅमवर जातं आणि ८००० च्या पुढे ओरडत राहतं. पण दुसऱ्या गिअरमध्येच लाल रेघेपर्यंत नेलं तरी इथल्या दुपदरी रस्त्यांची ६० मैलांची मर्यादा ओलांडलेली असते. म्हणजे ज्या आवाजासाठी झोप उडाली, तो कायद्यात राहून दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन सेकंदांपुरता. मला तेवढा पुरतो. तुम्हाला पुरेल का ते रविवारच्या वीस मिनिटांत कळत नाही.

आता आधीच्या मालकाने केलेल्या उद्योगांकडे वळू. पहिला रोल केज, आणि यावर माझं मत ठाम आहे. पूर्ण केज हा हेल्मेट आणि हार्नेससकट वापरायचा सेट आहे. रस्त्यावर हेल्मेट नसतं. साधा पट्टा लावून मागून कोणी ठोकलं तर डोकं मागे आणि बाजूला जातं, आणि एक्सीजच्या केबिनमध्ये पोलादी नळी कानापासून वीतभर अंतरावर. फोमचं आवरण म्हणाल तर ते हेल्मेट घातलेल्या डोक्याला धरून केलेलं असतं. रोजच्या वापरासाठी घेणार असाल तर डोक्याजवळचा केज काढता येतो का हे विचारा. बोल्टने बसवलेला असेल तर येतो. सांगाड्याला चिकटवून किंवा भोकं पाडून काही केलं असेल तर ती गाडीच सोडा.

हार्नेस असू दे, पण मूळ तीन टोकांचा पट्टा जागेवर आहे ना ते बघा. सहा पट्ट्या आवळून पार्किंगच्या दारात आलात की तिकिटाचं मशीन तुमच्या डोक्याच्या वर असतं, गाडीची उंची सव्वा मीटरही नाही. पट्टे सोडा, दार उघडा, अर्धे बाहेर या, मागे हॉर्न सुरू. दोनदा हे झाल्यावर मी लाजेकाजेस्तव लांबच्या मैदानात गाडी लावायला लागलो.

कॉइलओव्हरची गोष्ट वेगळी, तिथे आशा आहे. ज्यांच्या म्हणून गाड्या माझ्याकडे बघायला आल्या, त्यातल्या बहुतेकांनी क्लिक, म्हणजे शॉकअपचा विरोध बदलायच्या बटणाचे टप्पे, कडक बाजूला फिरवून ठेवलेले होते. का, तर पैसे दिलेत, फरक जाणवायला हवा! रस्त्यासाठी उलट करा. आहे ती जागा मोजून लिहून ठेवा, पूर्ण मऊ करा, रोजच्या रस्त्यावर चालवा, मग दोन-दोन क्लिक वाढवत जा. लाटेवरून उतरल्यावर बॉडी एकदा खाली-वर होऊन थांबली की तिथेच थांबा. आणि चारी कोपरे एकाच संख्येवर असले पाहिजेत असं काही नाही, पण डावं-उजवं सारखंच हवं. एका गाडीत पुढचा डावा सातवर आणि उजवा अकरावर निघाला होता. मालक वर्षभर अलाइनमेंटवाल्याला शिव्या देत होता.

उंचीही मालकाने कमी केली असणार. ती परत मूळ मापावर आणा. गाडी बसकी केली की दिसते झकास, पण विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांचे, कोन बिघडतात आणि दबायला राहिलेली जागा संपून रबरी थांब्यावर आपटायला लागते. आपण त्या आपटण्याला कडकपणा समजतो.

स्पीड ब्रेकरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळे त्यालाच घाबरतात. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या १९८८ च्या मानकात गोल माथ्याचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब सांगितला होता. ब्रिटनमधल्या गोल हंपचंही मूळ माप तेच. एक्सीजच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.३ मीटर. इतक्या लांब, चपट्या कमानीवर गाडी मधोमध आली की चाकंही कमानीवरच असतात; त्यामुळे दोन चाकांच्या मध्ये पोटाकडे येणारा उंचवटा निघतो जेमतेम ४ सेंटीमीटर. पोटाखाली जागा तेरा-एक सेंटीमीटर. आरामात जाते. पण तीच १० सेंटीमीटर उंची फक्त हातभर लांबीत बांधली, तर चाकं खाली जमिनीवर आणि दहाच्या दहा सेंटीमीटर पोटाखाली. त्यात स्प्रिंग दबलेली, शेजारी माणूस बसलेला. झालं, घासली. मूळ मानक दोन्हीकडे कागदावर सारखंच. सोसायटीच्या वॉचमनने रात्रीतून सिमेंट ओतून केलेला ब्रेकर मात्र कुठल्याच मानकात नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी मी ही गाडी पुण्यात नेण्याचा विचारही केला नाही. तसाही २००८ ची गाडी तिकडे नेण्याचा प्रश्न येत नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही.

इथे त्रास देतात त्या रस्त्यात मधे ठेवलेल्या चौकोनी उशा, म्हणजे वेग रोखायला केलेले उंचवटे. बससाठी त्यांची रुंदी अशी ठेवलेली असते की बसची चाकं दोन्ही बाजूंनी जावीत. आपली गाडी अरुंद, चाकांच्या आतल्या कडा उशीच्या उतारावर चढतात आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. हे वरून दिसत नाही. महिन्यातून एकदा जमिनीवर गुडघे टेकून टायरची आतली कड बघायची सवय लावा.

टायरचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका. या गाडीवर मुळात योकोहामाचे ए ०४८ यायचे, नावाला रस्त्याचे, स्वभावाने ट्रॅकचे. गरम झाले की डिंकासारखे चिकटतात. पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात, पाच अंश तापमान, रिमझिम, टायरची नक्षी तीन मिलिमीटर उरलेली. कायद्याची मर्यादा १.६, म्हणजे कागदोपत्री मी निर्दोष. एका गोल चौकातून बाहेर पडताना पाव इंच ॲक्सिलरेटर दिला असेल, वेग पंचविसाच्या आतच. मागचा भाग सरकला तेव्हा काही वाटलं नाही, मी म्हटलं सावरेल. पुढच्या क्षणी मी आलो होतो त्याच रस्त्याकडे तोंड करून उभा, इंजिन बंद, समोर दूधवाल्याची व्हॅन, आणि तो दूधवाला शांतपणे माझ्याकडे बघतोय. त्याने दिवे लुकलुकवले, की बाबा आधी तू जा. कुठे कोणाला लागलं नाही ही निव्वळ पुण्याई.

इंजिन मागे असलेली छोटी, हलकी गाडी घसरली की फार पटकन फिरते. घरगुती गाडीसारखी आधी सूचना देत बसत नाही. म्हणून रोज चालवायची तर हिवाळ्यात साध्या, पावसाला चालणाऱ्या टायरचा सेट लागेल आणि ट्रॅकचा वेगळ्या रिमवर. शिवाय टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर पण टायर नऊ वर्षं जुना, असं सर्रास दिसतं. तुम्ही बघितलेल्या गाडीचे आकडे वाचलेत का?

हिवाळ्यातला दुसरा शत्रू मीठ. इथे बर्फाच्या भीतीने रस्त्यावर मीठ टाकतात. सांगाडा ॲल्युमिनियमचा, विशबोन पोलादी, आणि खाली सपाट पत्रा, ज्याच्या वर सगळं ओलं मीठ सुखाने साठून राहतं. मी मार्चमध्ये पत्रा काढून आतून धुतो. पहिल्यांदा काढला तेव्हा ओंजळभर चिखल, वाळलेली पानं आणि कुणाचा तरी दहा मिलिमीटरचा पाना निघाला. पाना अजून वापरतो. जॅक मात्र तुमच्यासमोर लावून घ्या. एका टायरच्या दुकानात पोराने ट्रॉली जॅक सरळ त्या पत्र्याखाली सरकवला आणि मी ओरडेपर्यंत गाडी वर. जॅक लावायच्या जागा ठरलेल्या आहेत. मी त्यांचा फोटो छापून गाडीतच ठेवलाय.

मागचं दिसण्याबद्दल. एक्सीज एसमध्ये इंजिनावर इंटरकूलर, म्हणजे सुपरचार्जरची हवा थंड करणारी जाळी, बसवलाय, छतावरच्या तोंडातून त्याला हवा मिळते, आणि तो मागची काच पूर्ण अडवतो. आतला आरसा म्हणजे फक्त भांग पाडायला. याची सवय आठवडाभरात होते, रिव्हर्स कॅमेरा लावता येतो. सवय न होणारी गोष्ट म्हणजे तिरके येऊन मिळणारे रस्ते. तिथे खांद्यामागचं काहीच दिसत नाही. उपाय एकच, थांबताना गाडी मुख्य रस्त्याला काटकोनात आणून उभी करायची, मग मागच्याला काय वाटायचं ते वाटो.

आणि माणसं. माझी आई साताऱ्याहून आली होती, वय ६८, गुडघे कुरकुरणारे. या गाडीचा उंबरा इतका रुंद आहे की त्यावर पाट मांडून जेवता येईल. मी तिला शिकवलं: आधी उंबऱ्यावर बस, डोकं वाकव, मग पाय आत घेऊन सरक. ती बसली, नीट पदर सावरला आणि म्हणाली, "अरे, ही गाडी का घंगाळ? नुसतं डोकंच वर राहतंय!" उतरायला दोघं लागलो. त्यानंतर ती बसनेच हिंडली. डिकीबद्दल सांगायचं तर ती इंजिनाच्या मागे, छोटी आणि गरम. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून दिवाळीला श्रीखंड आणलं होतं, घरी पोचेपर्यंत त्याचं पियूष झालं. चांगलं लागलं, पण हे आपल्या बेतात नव्हतं.

ट्रॅक डेबद्दल थोडक्यात, कारण त्यासाठीच ही गाडी आहे आणि तिथे ती फारसे नखरे करत नाही. हलकेपणामुळे ब्रेक आणि टायर जड गाड्यांच्या मानाने खूप टिकतात. तीन गोष्टी सांभाळा. मागच्या चाकांची टो-लिंक, म्हणजे चाकाची दिशा धरून ठेवणारा दांडा, या गाड्यांमधली प्रसिद्ध कमजोरी आहे. चिकट टायर लावून ट्रॅकवर जाणार असाल तर मजबूत किट आधी, बाकीचं नंतर. लांब, वेगवान वळणावर तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू शकतो, म्हणून संपमध्ये, इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, आडपडदे घालून घ्या आणि तेलाची पातळी वरच्या खुणेला ठेवा. आणि ट्रॅकचे ब्रेक पॅड ट्रॅकवरच वापरा. थंड असताना ते धरत नाहीत, वर शाळेसमोर असे किंचाळतात की पोरं टाळ्या वाजवतात. आधीच्या मालकाने तेच पॅड ठेवले असतील तर पहिल्याच चौकात कळेल. सायलेन्सरही बघा, ट्रॅकवर आवाज मोजतात आणि मर्यादेवर गेलात की पैसे भरून घरी परत.

विम्याचं नीट वाचा. इथे "ऑफिसला जाणं" हा वापर वेगळा सांगावा लागतो. नुसता घरगुती वापर लिहिला असेल तर सकाळच्या रांगेत झालेला अपघात तुमच्या अंगावर येऊ शकतो. केज, कॉइलओव्हर, हार्नेस सगळं कळवावं लागतं. ट्रॅक डे साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्याचा विमा दिवसावर वेगळा. स्वस्तातल्या पॉलिसी वर्षाला थोड्याच मैलांच्या बोलीवर असतात, आणि तुमचे रोजचे ४४ मैल धरले तर वर्षाचे दहा हजारांच्या घरात जातात. माझ्या गाडीचे मागचे टायर सात-आठ हजारांत संपतात. हिशेब तुम्हीच करा. हलक्याशा धक्क्याचाही हिशेब धरा: पुढचा अख्खा भाग फायबरचा एकच तुकडा आहे, मागचाही तसाच. सुपरमार्केटात कोणाची ट्रॉली आपटली की बंपर बदलून भागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. गोल्फ विकू नका. विकायचीच असेल तर एखादी जुनी, कुणी ओरखडा काढला तरी झोप न उडणारी छोटी गाडी दाराशी ठेवा. एक्सीज घ्या, जरूर घ्या, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस, लवकर निघून, लांबच्या रस्त्याने. वर्षातले ट्रॅकचे दिवस फार तर दहा-बारा, तेव्हा सेटिंग रस्त्याचं ठेवा आणि ट्रॅकवर जाताना टायर, पॅड आणि चार क्लिक बदला. उलटं कराल तर दहा दिवसांच्या सुखासाठी बाकीचं वर्ष थरथरत जाईल. हे सगळ्यांना लागू नाही. तुमचं ऑफिस मोकळ्या रस्त्याच्या टोकाला असेल, कामाच्या वेळा सहा ते दोन असतील आणि दोन्हीकडे बंद गॅरेज असेल, तर एकच गाडी ठेवूनही निभतं. माझा एक सहकारी तसा सहा वर्षं निभावतोय. तो एकटा राहतो, हेही सांगायला हवं.

ही विशिष्ट गाडी घ्यायची की नाही, त्यासाठी मालकाला पुन्हा फोन करा. गाडीच्या नंबरवरून वर्षावर्षाच्या एमओटीचा, म्हणजे आपल्या पासिंगसारख्या तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. कुठल्या वर्षी किती मैल झाले आणि कशावर शेरा आला ते वाचून जा. गाडी तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवू नका असं बजावा. थंड इंजिन सुरू होताना ऐका, आणि पाण्याचा काटा वर आला तरी लगेच ओढू नका, तेल त्याच्या बऱ्याच मागून गरम होतं. मग ६२०० च्या पुढे ओढ वाढायला हवी. सपाट वाटली तर कॅम झिजल्याची शंका घ्या. पुढच्या-मागच्या फायबरवर दिव्यांच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा शोधा. खालचा पत्रा काढून दाखवायला तयार नसेल तर नमस्कार करून निघा.

आणि या वेळी रविवार दुपार नको. पावसाचा मंगळवार बघा, सकाळी पावणेआठ, आणि त्याला म्हणा की माझ्या ऑफिसच्या रस्त्याने जाऊ. बायकोलाही एकदा आत बसवून, उतरवून बघा. ती हसत उतरली की किमतीचं बोलायला लागा.